तुझ्याजवळ किती वर्षं आहेत

रिक्षा मोतीबागेच्या वळणावर आली आणि सुमेधाच्या मांडीवरचा फोन थरथरला. ऑफिसच्या तृप्ती मॅडम. "ऐक, पुण्याचे ते दुभाषी येत नाहीयेत, ताप आलाय त्यांना. पेरूच्या त्या बाई तर कालच हॉटेलवर उतरल्यात. तू चल आमच्याबरोबर शेतावर. तुझं स्पॅनिश आहेच की." सुमेधा "हो मॅडम" म्हणाली. फोन बंद झाला तरी तो तिने कानालाच धरून ठेवला होता. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. तुझं स्पॅनिश आहेच की. आहेच. बायोडाटावर तिनेच टाईप केलं होतं : स्पॅनिश, उत्तम. तेव्हा तिला 'उत्तम'ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात हेसुद्धा धड ठाऊक नव्हतं. पण जालन्यात ते कोण तपासणार होतं? बियाण्यांच्या त्या लहानशा कंपनीच्या निर्यात विभागात तिला खुर्ची मिळाली, आणि दोन वर्षांत परदेशच्या खरेदीदारांना जाणारी स्पॅनिश पत्रं तिच्याच टेबलावरून जायला लागली. पत्राचं बरं असतं. अडलं की थांबता येतं, फोनमध्ये शब्द बघता येतो, खोडता येतो. समोर बसलेल्या माणसाला कसं थांबवायचं?

तिने सुरुवात केली होती ती एका खोक्यावरच्या शब्दावरून. सेमिया. म्हणजे बी. हा शब्द तिला इतका आवडला की त्या दिवशी घरी जाताना ती तो तोंडात घोळवत राहिली. मग फोनवरचे धडे, मग गच्चीवर फेऱ्या मारत क्रियापदं. खालून आई, मालनबाई, ओरडायची, "कोणाशी बोलायली गं एकटीच?" कमीजला कामिसा, साबणाला हाबोन, असे ओळखीचे चेहरे भेटले की बरं वाटायचं, जत्रेत गावाकडचं कुणी दिसावं तसं. देश तिने कपाटाच्या दाराला आतून नकाशा चिकटवून पाठ केले. मेक्सिकोपासून खाली ग्वातेमाला, होन्दुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका, पनामा, हे तिला लाल बसच्या थांब्यांसारखे वाटायचे. कंडक्टरने ओरडावं आणि एकेकाने पिशवी घेऊन उतरावं. बोलिव्हियाला दोन राजधान्या. पराग्वेला समुद्र नाही, जालन्यासारखाच. आफ्रिकेतसुद्धा एक देश स्पॅनिश बोलतो, हे कळलं तेव्हा ती हे कुणाला सांगावं म्हणून घरभर बघत राहिली होती. मिरचीला मेक्सिकोत चिले म्हणतात आणि पेरूत आही. आजची बाई पेरूची होती. आही, आही, असं ती रिक्षात पुटपुटली. आणि वर्षं म्हणजे आन्योस. त्यातला 'न्य' नीट आला नाही तर शब्दाचा भलताच, लाज आणणारा अर्थ होतो. तिने ओठ मिटून घेतले.

बाईंचं नाव रोसाउरा किस्पे. पन्नाशीच्या, बुटक्या, सावळ्या, उन्हाने गाल रापलेल्या. सुमेधाच्या मनात कुणी उंच, गोरी, गॉगलवाली होती. या बाई तर अंबडच्या बाजारात भाजीचा भाव करताना दिसल्या असत्या तरी कुणी वळून बघितलं नसतं. त्या कृषितज्ज्ञ होत्या; त्यांची कंपनी मिरचीचं संकरित बी इथून नेणार होती, त्याआधी त्यांना शेडनेट, म्हणजे जाळीच्या मांडवाखालची लागवड, बघायची होती आणि तिथे काम करणाऱ्या बायकांशी बोलायचं होतं. भाषांतराला मशीन नको, माणूसच हवं, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. त्यांना इंग्रजी जेमतेम यायचं. गाडीत त्या आणि सुमेधा मागे बसल्या, तृप्ती मॅडम पुढे ड्रायव्हरशेजारी. जालना सुटायच्या आत बाईंनी काहीतरी विचारलं आणि सुमेधाच्या कानात नुसता खळखळाट झाला. एक शब्द ओळखीचा नाही. "पेर्दोन," ती म्हणाली, "देस्पासियो." माफ करा, हळू. बाई हसल्या आणि एकेक शब्द सुटा ठेवत पुन्हा बोलल्या. प्रवासात तुम्हाला गाडी लागते का, एवढंच विचारत होत्या. मग म्हणाल्या, हळूच बोलेन, माझ्या आईलाही स्पॅनिश यायचं नाही, तिची भाषा केचुआ. लहानपणी सरकारी कचेरीत, दवाखान्यात आईच्या वतीने मीच बोलायचे. हे सगळं कळलं म्हणून सुमेधाला एकदम हलकं वाटलं. आपल्याला येतंय. पुढून तृप्ती मॅडमनी मान वळवली. "काय म्हणतायत?" सुमेधाने सांगितलं. मॅडम खूश झाल्या. "बघ, उगीच घाबरत होतीस," असं म्हणून मग आवाज न बदलता, हसऱ्या चेहऱ्यानेच पुढे म्हणाल्या, "तिथे बायकांना काय-काय विचारतील. जे विचारतील ते सांग, पण सगळंच सांगत बसायची गरज नसते. तुला काय सांगायचं म्हणा. तू तर तिकडचीच."

तू तर तिकडचीच. अंबड मागे पडलं, घनसावंगी मागे पडली, तरी ते वाक्य सीटच्या शिवणीसारखं टोचत राहिलं. मॅडमनी ते टोचायला म्हटलं नव्हतं. मॅडमनीच तिला नोकरी दिली होती, मुलाखतीत गाव विचारलं होतं, आई काय करते विचारलं होतं, आणि "मिरचीच्या क्रॉसिंगला जायची, फुलांना हाताने पराग लावायला" हे ऐकून कागदावरून मान वर करून छान हसल्या होत्या. त्या हसण्याला सुमेधा दोन वर्षं धरून होती. बाहेर कपाशी फुटली होती, ऑक्टोबरचं ऊन पिवळं होऊन काचेला चिकटलं होतं. रस्ता ओळखीचा होत गेला तसं तिचं अंग आखडत गेलं. ही पुलाची मोरी. हे वडाचं झाड, इथे टेम्पो थांबायचा. बायका चढायच्या, पोरी चढायच्या, त्यांत तीही, आणि टेम्पोत सगळ्यांच्या बोटांना मिरचीच्या फुलाचा हिरवा, कडसर वास यायचा. हंगामाचे दोन महिने शाळेतल्या बाई हजेरीला तिचं नाव घ्यायच्या आणि वर न बघताच पुढे जायच्या, असं तिला नंतर एका मैत्रिणीने सांगितलं होतं. तिने हे कधी आठवायचं नाही असं ठरवलं नव्हतं, पण ते आठवतही नव्हतं. आता आठवत होतं आणि शेजारी रोसाउराबाई विचारत होत्या, की इथली माती काळी का? नेग्रा, सुमेधा म्हणाली. सी, मुय नेग्रा. हो, फार काळी.

कुंभार पिंपळगावच्या अलीकडे वसंताची शेडनेट होती. वसंता कंपनीसाठी बीजोत्पादन करायचा. चाळिशीचा, पांढरा शर्ट, कपाळावर घाम. त्याने बाईंना नारळ दिला, मॅडमना नमस्कार केला आणि सुमेधाला म्हणाला, "या ताई. तुमच्या भाषेत सांगा त्यांला, समदं बराबर हाय म्हणून." आत हिरवा, दमट, कोंडलेला उजेड. ओळींमधून पंधरा-वीस बायका वाकलेल्या. कुणी बोलत नव्हतं. एरवी नेटमध्ये इतका गलका असतो की मालकाला ओरडावं लागतं. सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं, हे सुमेधाला त्या शांततेवरून कळलं. रोसाउराबाई एका ओळीत शिरल्या, एका झाडापाशी वाकल्या, लाल दोरा बांधलेलं फूल बोटावर घेतलं आणि विचारलं, हे नेमकं कसं करता, पहिल्यापासून दाखवा. सुमेधाने सांगायला सुरुवात केली. उद्या उमलणारी कळी आज हेरायची. ती उघडायची, आणि... चिमट्याला काय म्हणतात? डोकं एकदम रिकामं झालं. केसराला काय म्हणतात? काहीच नाही. एवढी क्रियापदं, एवढ्या राजधान्या, आणि चिमटा नाही. बाई वाट बघत होत्या, मॅडम बघत होत्या, वसंता बघत होता. तिने शेजारच्या बाईच्या हातातून चिमटा आणि परागाची डबी घेतली, तिचा दोरा करंगळीत अडकवला. कळी दोन बोटांत धरली. पुढचं तिने केलं नाही, ते झालं. पाकळ्या सुटल्या, नराचे केसर एका झटक्यात निघाले, मधला हिरवा दांडा जराही न दुखावता उभा राहिला, डबीतले पिवळे परागकण टोकाला लागले, करंगळीत अडकवलेला दोरा देठाला बसला. बायकांमधून कुणीतरी हुंकार दिला. "पिन्सा," रोसाउराबाई चिमट्याकडे बोट करून म्हणाल्या. पण त्यांची नजर सुमेधाच्या बोटांवर होती.

तिथेच पलीकडच्या ओळीत एक पोरगी होती. अंगावर मोठ्या बाईचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, डोक्याला घट्ट रुमाल. तिच्याशेजारी तिची आई, मैमूना. दोघींची ही नावं सुमेधाला थोड्या वेळाने कळली. आधी दिसली ती फक्त त्या पोरीची मान, रुमालाखालची, काडीसारखी. रोसाउराबाई दोन ओळी ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हसून स्वतःच्या छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं. पोरगीही म्हणाली, नाजिया. मग बाईंनी विचारलं, "क्वान्तोस आन्योस तिएनेस?" आणि सुमेधाकडे बघितलं.

हे वाक्य तिला पहिल्या आठवड्यातच आलं होतं. स्पॅनिशमध्ये माणूस अमुक वर्षांचा नसतो, त्याच्याजवळ तेवढी वर्षं असतात. तुझ्याजवळ किती वर्षं आहेत? तेव्हा गच्चीवर तिला ते फार सुंदर वाटलं होतं. आता ते तोंडातून मराठीत काढताना जीभ जड झाली. "किती वर्षांची आहेस, विचारतायत." नाजियाने आईकडे बघितलं नाही. सुमेधाकडेच बघितलं. "तेरा," ती म्हणाली, इतकं हळू की ओठच हलले. त्याच वेळी मागून वसंता मोठ्याने म्हणाला, "अठरा पुरं झालं की तिला! अंगानं बारीक हाय जरा." आणि मैमूना, हातातलं फूल न सोडता, खालच्या मानेने, भरभर, "अठरा बोल दे बेटा. जल्दी बोल दे. तेरे हाथ जोडती." तृप्ती मॅडम नेटच्या जाळीतून बाहेर कुठेतरी बघत होत्या. दोन्ही शब्द तिला येत होते. अडखळायचं काही कारण नव्हतं. माफ करा, मला आकडे येत नाहीत, असंही म्हणता आलं नसतं. मैमूनाचे हात तिला दिसत होते. नेट बंद पडली तर या वीस बायका उद्या कुठल्या टेम्पोत चढतील, हेही दिसत होतं. "दिएसिओचो," ती म्हणाली. अठरा. उच्चार अगदी स्वच्छ आला. रोसाउराबाईंनी थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघितलं, "ग्रासियास" म्हणून आभार मानले आणि पुढच्या ओळीत गेल्या. नाजिया अजून बघतच होती. तिला स्पॅनिश कळत नव्हतं. पण आपण एक सांगितलं आणि या ताईने दुसरंच सांगितलं, हे कळायला भाषा लागत नाही.

चहा झाला, फोटो झाले. गाडीत बसल्यावर तृप्ती मॅडमनी मागे हात करून सुमेधाच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं. "छान झालं," त्या म्हणाल्या. सुमेधाने मान हलवली. गाडी लागलीय असं सांगून उतरावं का याचा ती विचार करत होती. खिडकीबाहेर ऊस, मग कपाशी, मग शाळा सुटून रस्त्याच्या कडेने जाणारी पोरं. मग रोसाउराबाईंनी तिचा हात हातात घेतला, उजवा, आणि अंगठ्याच्या नखाशेजारची जुनी, टणक जागा चाचपली. तिथे चिमट्याने पडलेला घट्टा होता, इतका जुना की सुमेधा तो विसरून गेली होती. "आणि तुम्ही?" बाईंनी विचारलं. अगदी हळू, शब्द सुटे ठेवून. "क्वान्तोस आन्योस तेनिया उस्तेद?" तुमच्याजवळ किती वर्षं होती? सुमेधाने पुढच्या सीटकडे बघितलं. मॅडम फोनवर काहीतरी टाईप करत होत्या. इथे कुणी मैमूना नव्हती, वसंता नव्हता, हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारलेला नव्हता. "दोसे," ती म्हणाली. बारा. बोलली आणि मग थांबता येईना. शब्द तुटके, काळ चुकलेले, क्रियापदं कशीही. शाळा नाही. दोन महिने. टेम्पो. आई बरोबर. बाईंनी हात सोडला नाही. म्हणाल्या, कचेरीत आईच्या वतीने बोलताना मी पुष्कळदा खोटं सांगायचे, साहेबांना राग येऊ नये म्हणून. तेव्हा माझाही चेहरा असाच व्हायचा. आणि मग, "ती मुलगी?"

"काय गं?" तृप्ती मॅडमनी मान वळवली. "काय चाललंय इतकं?"

"त्रेसे," सुमेधा बाईंना म्हणाली. तेरा. आणि मग मॅडमकडे वळून, आवाज फुटू नये म्हणून एकेक शब्द धरून, "मी त्यांना सांगितलं, मॅडम. ती पोरगी तेरा वर्षांची आहे. मघाशी मी खोटं सांगितलं होतं, तेही सांगितलं."

मॅडमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थकवा होता, आणि तो सुमेधाला रागापेक्षा भारी पडला. "मला काय माहीत नव्हतं असं वाटतं तुला?" त्या म्हणाल्या. रोसाउराबाईंनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला आणि बोटाने गोल केलं. मागे. ते सगळ्यांनाच समजलं.

दुसऱ्यांदा नेटमध्ये शिरताना बायकांचा गलका चालू होता, आणि गाडी बघून तो विझला. रोसाउराबाईंनी सुमेधाला सांगितलं, तिला परत विचारा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सुमेधाने विचारलं. नाजियाने या वेळी आईकडे बघितलं. मैमूनाने चिमटा मातीत टाकला. "तेरा," नाजिया म्हणाली. "त्रेसे," सुमेधा म्हणाली, तितक्याच मोठ्याने. मग पलीकडच्या ओळीतून अजून दोघी तशाच निघाल्या. एक तर वसंताच्या भावाची पोरगी, शालू, बारा वर्षांची. वसंताचं तोंड उतरलं. "घरचीच हाय ती, मॅडम," तो म्हणाला, "घरच्या पोरीनं घरच्या शेतात यायचं न्हाई का?" सुमेधाने हे जसंच्या तसं स्पॅनिशमध्ये सांगितलं, कारण ते खोटं नव्हतं. रोसाउराबाई चिडल्या नाहीत. त्यांनी अटी सांगितल्या आणि सुमेधाने त्या एकेक करून मराठीत ठेवल्या : पोरी आजच बाहेर, त्यांच्या जागी मोठी माणसं, हंगाम संपायच्या आत त्या पुन्हा येणार, न कळवता. तसं असेल तर माल घेऊ, नाहीतर नाही. वसंता मॅडमकडे बघत होता, मॅडम मातीकडे. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "मान्य आहे, सांग त्यांना."

मैमूना बाहेरच्या बांधावर भेटली. रुमाल सोडून पोरीचं तोंड पुसत होती, जरा जोरातच. "तू शिकली," ती सुमेधाला म्हणाली, "तुला परवडतंय खरं बोलायला. अब मैं अकेली कितने फूल करूँ, बता." नाजिया आईच्या मागून सुमेधाकडे बघत होती, ना हसत, ना रागावून. लांबून शाळेची घंटा ऐकू आली असती तर बरं वाटलं असतं. पण आली नाही.

जालन्याला उतरताना तृप्ती मॅडम फक्त म्हणाल्या, "उद्यापासून पत्रं मला दाखवून पाठवत जा." म्हणजे खुर्ची राहिली होती, ते हसणं गेलं होतं. रोसाउराबाईंनी तिला मिठी मारली. त्यांच्या केसांना अजून नेटमधला वास येत होता.

घरी आली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. आई ओट्यापाशी शेंगदाणे भाजत होती. सुमेधा चप्पल न काढता दारातच बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं : नेट, ती पोरगी, अठरा, गाडीतला प्रश्न, तेरा, मैमूना. आई कढईत उलथनं फिरवत राहिली. "ओळखते मी मैमूनेला," एवढंच म्हणाली. मग सुमेधा म्हणाली, "मलाही विचारलं त्या बाईंनी. मी क्रॉसिंगला जायला लागले तेव्हा किती वर्षांची होते म्हणून. मी बारा सांगितलं." उलथनं थांबलं. शेंगदाण्यांचा वास करपट व्हायला लागला तरी आईने गॅस बंद केला नाही. तिने सुमेधाकडे पाठच ठेवली होती. "चिमटा तुझ्या बोटात बसत न्हवता," ती भिंतीला सांगावं तशी म्हणाली. "निसटून निसटून पडायचा. मंग मी त्याच्यावर चिंधी गुंडाळून दिल्ती, जाड व्हावा म्हणून. रोज सकाळी टेम्पोत बसल्यावर गुंडाळायची. तू झोपलेली असायची माझ्या मांडीवर." सुमेधाला यातलं काहीही आठवत नव्हतं. चिंधी नाही, मांडी नाही. आईने गॅस बंद केला, पदराने कढई उतरवली, आणि मग वळली.

"त्या बाईला कळव," मालनबाई म्हणाली. "बारा न्हाई म्हणावं. अकरा."